मावशींची उभी अँटेना

मावशींच्या घराखालून जाणारा प्रत्येक तिसरा माणूस वर बघून एकच गोष्ट सांगायचा, "मावशी, तुमची अँटेना पडली बघा!"

भाजीवाला सांगायचा, सिलिंडरवाला सांगायचा. विजेचं मीटर बघायला येणारा तर एकदा न विचारताच जिना चढून वर गेला होता, सरळ करून द्यायला. मावशी गच्चीच्या कठड्यावरून वाकून प्रत्येकाला तेच उत्तर द्यायच्या, "पडली नाय बाबा. ती तशीच आहे. उभी आहे ती."

सांगणाऱ्यांची चूक नव्हती. पूर्वी घरोघरी टीव्हीच्या अँटेना असायच्या तशीच ही दिसायची. गच्चीतल्या बांबूला आडवी बांधलेली एक लांब दांडी आणि तिला बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या काड्या, माशाच्या काट्यासारख्या. पण टीव्हीच्या अँटेनेच्या काड्या जमिनीला समांतर असायच्या, आडव्या. मावशींच्या काड्या उभ्या होत्या, आभाळाकडं टोकं करून. ज्यानं लहानपणी वडिलांना कौलांवर चढून अँटेना फिरवताना बघितलंय त्याला ती कलंडलेलीच वाटणार.

मी त्यांची भाडेकरू. पदमपुऱ्यात त्यांचं दुमजली घर होतं, खाली त्या, वर मी, आणि माझ्याही वर गच्चीवर जिन्याशेजारची आठ बाय सहाची खोली, तिच्यात त्यांचा रेडिओ. रेडिओ म्हणजे गाण्यांचा नव्हे. त्या हॅम होत्या. सरकारची परीक्षा देऊन, परवाना काढून, हौसेनं रेडिओवर एकमेकांशी बोलणारी माणसं असतात, त्यांना हॅम म्हणतात. हे मला तिथं गेल्यावर कळलं. मी तेव्हा लग्न मोडून आलेली होते. अजिंठ्याकडचं माझं गाव, तिकडं परत जायची इच्छा नव्हती. वाळूजच्या एका औषध कंपनीत तपासणीच्या विभागात नोकरी लागली होती, म्हणून खोली शोधत होते.

पहिल्या दिवशी मी दारात उभी राहून खोलीबद्दल दोन-चार वाक्यं बोलले. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "चार-दोन."

मला वाटलं भाड्याचं काहीतरी असेल.

"रेडिओवर समोरच्याला सांगावं लागतं तुझा आवाज कसा येतोय," त्या म्हणाल्या. "पहिला आकडा, बोलणं किती समजतंय. पाचपैकी. दुसरा, जोर किती हाय. नऊपैकी. तुझं बोलणं समजतंय, पण जोर नाय. सकाळपासून जेवलीस का?"

जेवले नव्हते. त्यांनी ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत पुढं ठेवलं, आणि खोली मला मिळाली.

त्या सगळ्यांनाच असे आकडे द्यायच्या. दूधवाला पाच-नऊ. शेजारची सून तीन-एक, कारण ती सासूसमोर तोंडातल्या तोंडात बोलायची. एकदा एक पुढारी मत मागायला आला आणि दहा मिनिटं बोलला. मावशी म्हणाल्या, "एक-नऊ." तो खूश होऊन गेला.

साडी, त्याखाली कापडी बूट, कमरेला खोचलेला पाना आणि डोळ्यांवर दोरीनं अडकवलेला चष्मा. साठी उलटून गेलेली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी आयुष्य काढलं. ट्रंक कॉलच्या काळात लागल्या आणि यंत्रं आल्यावर निवृत्त झाल्या. वडील रेल्वेत खलाशी होते, बुद्धविहारातल्या वर्गात शिकवून त्यांनी मुलीला मॅट्रिक केलं, एवढं त्या सांगायच्या. लग्न का केलं नाही ते सांगायच्या नाहीत. "लोकांच्या लाइनी जोडून देण्यात माझा जन्म गेला. हजारो आवाज ऐकले, तोंड एकाचंही बघितलं नाय. रिटायर झाल्यावर म्हटलं, आता माझी स्वतःची लाइन."

रेडिओचे नियम त्या पोथीसारखे पाळायच्या. हवेत धर्म नाही, राजकारण नाही, धंदा नाही. त्यामुळं बोलणं संपलं की शेवटी त्या इतर हॅमसारखं नुसतं "सेव्हन्टी-थ्री" म्हणायच्या, म्हणजे नमस्कार, शुभेच्छा. पण मग माईकचं बटण सोडायच्या, सेट बंद करायच्या, आणि बंद माईककडं बघून हळूच म्हणायच्या, "जय भीम."

आणि हा जय भीम सगळ्यांत जास्त वेळा कुणाच्या वाट्याला यायचा, तर लासूरकरांच्या.

लासूरकर हे काही त्यांचं आडनाव नाही. ते लासूर स्टेशनचे, म्हणून. फौजेत बिनतारी संदेशाच्या कामावर होते, निवृत्त होऊन शेती करायला परत आले. गावाबाहेर शेतात घर, कांदा, कपाशी. बायको वारलेली, मुलगा पुण्याला. रोज सकाळी बरोबर आठ वाजता ते आणि मावशी रेडिओवर भेटायचे. अकरा वर्षं. आणि अकरा वर्षं दोघांना एकमेकांचं निम्मंच ऐकू यायचं.

कारण लासूरकरांची अँटेना आडवी होती.

मी विचारलं होतं, काडी उभी काय, आडवी काय, एवढा फरक पडतो का? मावशींनी मला कपडे वाळत घालायची दोरी आणायला लावली. एक टोक पलीकडच्या खांबाला बांधलं, दोरी गच्चीच्या कठड्याच्या उभ्या गजांमधून ओढून घेतली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "वर-खाली हलव." मी हलवलं. दोरीत लाट उठली आणि गजांमधून सुळकन पलीकडं गेली. "आता डावी-उजवी हलव." लाट गजांना आपटली आणि तिथंच मेली.

"कळलं? त्यांची लाट आडवी निघती. माझे गज उभे. पोचती, पण फाटून-तुटून."

"मग एकानं फिरवायची ना."

"त्यांनी फिरवायची."

हे भांडण मी रोज सकाळी चहाबरोबर ऐकायचे. खरखरीतून लासूरकरांचा आवाज यायचा, "ताई, उभ्या काडीला आसपासचा सगळा कचरा ऐकू येतो. मोटरसायकलची ठिणगी, वेल्डिंग, मिक्सर. आडवी कशी शांत असती. मी आडवीवर गुजरातेत बोललोय."

मावशी म्हणायच्या, "बोला की गुजरातेशी. मला क्रांती चौकातल्या माणसाशी बोलायचंय. गाडीवरची अँटेना उभी असती, हातातला सेट उभा असतो. माणूस काय झोपून बोलतो का रेडिओवर? ओव्हर."

"काय म्हणालात? झोपून काय? पुन्हा सांगा, ओव्हर."

त्या पुन्हा सांगायच्या. प्रत्येक वाक्य दोनदा, कधी तीनदा. कांद्याचा भाव सांगायला दहा मिनिटं लागायची. मी एकदा म्हटलं, सरळ फोन करा ना. मावशींनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी स्वयंपाकघरात बूट घालून आले होते. त्यांच्याकडं लासूरकरांचा फोन नंबरच नव्हता. पत्ता नव्हता. दोघं कधी भेटलेही नव्हते, मध्ये जेमतेम चाळीस किलोमीटर असताना.

"भेटायचं कशाला? रोज तर भेटतो," त्या म्हणायच्या.

त्या वर्षी दसरा होऊन गेल्यावर मावशींचा घसा बसला. बोलायला लागल्या की नुसती घरघर. तरी आठ वाजले की माईक हातात. पलीकडं एरवीच धड ऐकू यायचं नाही, त्यात हे. तीन दिवस लासूरकर विचारत राहिले, "ताई, काय म्हणालात? तब्येत बरी हाय ना? पुन्हा." चौथ्या दिवशी, शनिवारी, मावशी चिडल्या. "तुमची काडी उभी करा, म्हणजे ऐकू येईल! पंचाहत्तरी आली तरी हट्ट जात नाय माणसाचा!" असं म्हणून त्यांनी सेट बंद केला. त्या दिवशी बंद माईकला जय भीम मिळाला नाही.

रविवारी मला सुट्टी होती. आठ वाजता मी चहा घेऊन वर गेले. मावशी सेटसमोर बसलेल्या. आठ वाजून गेले, लासूर नाही. सव्वाआठ झाले. मावशींनी दोनदा हाक दिली. साडेआठ झाले.

"रुसलं म्हातारं," त्या म्हणाल्या. पण उठल्या नाहीत.

नऊ वाजायच्या सुमारास खरखरीत काहीतरी हललं. शब्द म्हणावा असं नव्हतं. मावशींनी कान स्पीकरला लावला. पुन्हा आलं.

"...ताई..."

"हा त्यांचा नेहमीचा सेट नाय," मावशी म्हणाल्या. "जोर बघ किती कमी हाय. हातातला सेट हाय हा." मग बटण दाबून त्या बसक्या आवाजात ओरडल्या, "लासूर, मी ऐकतीय! कुठं आहात? ओव्हर."

"...च्चीवर... पडलो... पाय... हलत नाय..."

माझ्या हातातला कप खाली ठेवायचं भान मला राहिलं नाही. मावशींचा चेहरा मात्र एकदम शांत झाला. एक्स्चेंजमध्ये असताना त्या कशा दिसत असतील ते मला त्या क्षणी कळलं.

"लासूर, सेट उभा धरा. सरळ उभा. ओव्हर."

"...ात उचलत नाय... खांदा... छातीवर ठेवलाय..."

मावशी माझ्याकडं वळल्या. "सेट आडवा पडलाय त्यांच्या छातीवर. म्हणून फाटतंय."

मी म्हटलं, मी रुग्णवाहिकेला फोन करते. त्या म्हणाल्या, कर, पण कुठं पाठवशील? आणि मग आमच्या दोघींच्याही लक्षात आलं की शेत कुठल्या रस्त्याला, वस्ती कुठली, काही म्हणजे काही माहीत नाही. अकरा वर्षांत विचारलंच नव्हतं.

"लासूर, मोबाइल कुठाय तुमचा?"

"...खाली..."

"जवळ कोण राहतं? त्याचा नंबर सांगा. एकेक आकडा सांगा, सावकाश."

त्यांनी सांगितला. ते सांगताहेत हे कळत होतं, पण चार आकडे आले आणि पुढचे खरखरीत गेले. मावशींनी पुन्हा सांगायला लावलं. या वेळी शेवटचे तीन आले. मधले तीन नाहीत. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज आणखी खाली गेला, आणि त्यामागं टिक-टिक असा बारीक इशारा वाजला.

"बॅटरी उतरतीय त्यांची," मावशी म्हणाल्या. उठल्या, कमरेचा पाना काढला आणि बाहेर अँटेनेकडं धावल्या. "चल. आडवी करायची."

अकरा वर्षांचा गंज होता त्या नटावर. मावशींनी स्टुलावर चढून पाना लावला, जोर केला, पाना घसरून त्यांची बोटं सोलली. मी लावला. नट तसूभर हलला नाही. आतून बारीक आवाज येत होता, "ताई... ताई..."

मावशी स्टुलावरून उतरल्या. एकदा बांबूकडं, एकदा पश्चिमेकडं, लासूरच्या दिशेला बघितलं, आणि खोलीतून सुरी आणून बांबू बांधलेल्या नायलॉनच्या दोऱ्या सपासप कापायला लागल्या.

"नट राहू दे. बांबूच निजवायचा. असा उत्तरेकडं. दांडीचं तोंड लासूरकडंच ठेव, हलवू नको. बांबू आडवा झाला की काड्या आडव्या होतील."

मला ते समजून घ्यायला वेळ नव्हता. बांबू सुटला तसा त्याचा सगळा भार माझ्या अंगावर आला. आम्ही दोघींनी तो हळूहळू कलता केला. एक टोक उत्तरेच्या कठड्यावर टेकवलं, दुसरं माझ्या उजव्या खांद्यावर. मी कावड घेतल्यासारखी उभी. अँटेनेच्या काड्या आता जमिनीला समांतर होत्या आणि दांडीचं टोक पश्चिमेला.

"हलू नको गं पोरी," असं म्हणून मावशी आत धावल्या.

आणि आतून लासूरकरांचा आवाज आला. मी दचकून मागं बघितलं, इतका तो जवळून आला. खोलीत कुणी येऊन बसलंय असं वाटलं. जाडसर, दमलेला, थोडा कापरा. मी तो माणूस रोज ऐकत होते आणि त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

"ताई, ऐकू येतंय का?"

"सगळं येतंय. सांगा नंबर."

त्यांनी एकेक आकडा सांगितला, मावशींनी एकेक परत म्हटला, त्यांनी "बरोबर" म्हटलं. दहा आकडे. मग मावशी वही घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या कुर्त्याच्या खिशातून माझा मोबाइल काढला.

"हे उघडत नाय!"

"मावशी, तो पासवर्ड... माझ्या आईच्या नावाची अक्षरं टाका."

"आईचं नाव काय तुझ्या?"

दोन वर्षं एका घरात राहून हेही राहिलंच होतं विचारायचं. मी सांगितलं. त्यांनी एका बोटानं अक्षरं टाकली. पलीकडं ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजवाल्यानं फोन उचलला. त्याचं गॅरेज लासूरकरांच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर होतं. मावशींनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तो "आलोच" म्हणाला आणि फोन न ठेवताच पळाला, त्याच्या पायांचा आवाज येत होता.

तो पोचेपर्यंत मावशींनी लासूरकरांना बोलतं ठेवलं. "झोपायचं नाय. काय लावलंय औंदा शेतात ते सांगा."

"कांद्याचं रोप टाकलंय."

"वर कशाला गेला होता?"

थोडा वेळ काही आलं नाही. मला वाटलं बॅटरी गेली. मग आवाज आला, "तुमची तब्येत बरी नाय म्हणत होता, काही कळंना. रात्रभर तेच डोक्यात. म्हटलं, करू एकदाची उभी. उभी करून मग वरूनच हातातल्या सेटवर सांगणार होतो, आता बोला म्हणून. टाकीवरनं पाय सटकला."

मावशींनी बटण दाबलं नाही. माझा खांदा आगीसारखा जळत होता, मान जेमतेम वळत होती, मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. मग त्यांनी बटण दाबलं आणि म्हणाल्या, "माझा घसा बसलाय फक्त. दुसरं काही नाय. काढा घेतीय. ऐकू आलं?"

"आलं," लासूरकर म्हणाले. "सगळं आलं."

थोड्या वेळानं पलीकडं दुसराच मोठा आवाज ऐकू आला, "काका! ओ काका! हलू नका!" आणि मग सेट बंद पडला.

मला तो बांबू खाली ठेवता येईना. हात आखडले होते. मावशींनीच एकेक बोट सोडवलं. दुपारी जेवल्या नाहीत. वहीत रोजच्या बोलण्याची नोंद करायची त्यांची पद्धत होती, ती ओळ त्यांनी कोरी ठेवली. संध्याकाळी जिन्यावर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मीच चढवलं त्यांना वर."

सोमवारी मी कामावरून आले तर बांबू पुन्हा जागेवर उभा, नवा क्लॅम्प, नवे नट, आणि अँटेना आडवी. मावशींनी एकटीनं केलं होतं. त्या आठवड्यात खालून जाणारा एकही माणूस काही बोलला नाही. भाजीवाला उलट म्हणाला, "केली का मावशी सरळ? झकास."

लासूरकरांना शहरातल्याच एका हॉस्पिटलात आणलं होतं. खुबा मोडला होता, खांदा निखळला होता, ऑपरेशन झालं. गॅरेजवाल्याकडून मला सगळं कळत होतं. मावशींना मी रोज म्हणायचे, भेटून येऊ. त्या रोज काहीतरी काम काढायच्या. शेवटी पाचव्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून, खाली तेच कापडी बूट घालून, स्वतःच दारात येऊन उभ्या राहिल्या. क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तर म्हणाल्या, "उतरू या. मी नाय येत."

रिक्षावाला मागं वळून म्हणाला, "क्या अम्मा, आधे रस्ते में? अब तो आ गया दवाखाना."

"माणूस ओळखीचा नाय," मावशी मला म्हणाल्या. एवढ्या हिंमतीची बाई, आणि एक पाय रिक्षाबाहेर टाकून बसली होती.

वॉर्डात लासूरकर खिडकीजवळच्या खाटेवर होते. पांढऱ्या मिशा, उन्हानं रापलेला चेहरा, एक हात गळ्यात बांधलेला. मावशी खाटेजवळ जाऊन उभ्या राहिल्या. लासूरकरांनी वर बघितलं.

"ताई?"

मावशींनी मान हलवली.

"बसा."

मावशी स्टुलावर बसल्या. लासूरकर छताकडं बघायला लागले. मावशी खिडकीकडं. पाच मिनिटं गेली. "रिक्षानं आलात?" त्यांनी विचारलं. मान हलली. अकरा वर्षं रोज तासतासभर भांडणारी दोन माणसं, आणि समोरासमोर आल्यावर एकाच्याही तोंडून शब्द निघेना. मला तिथं उभं राहवेना. तेवढ्यात लासूरकरांनी मोकळ्या हातानं ताटातला चमचा उचलला आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर टक... खर्र... टक असं वाजवायला लागले. एक ठोका, मग चमचा घासून लांब आवाज, मग पुन्हा ठोके.

मावशींची पाठ ताठ झाली. त्यांनी कनवटीची किल्ली काढली आणि दांडीच्या या टोकाला वाजवायला सुरुवात केली. टक टक, खर्र, टक. तारायंत्राची कट्ट-कड भाषा. जुन्या हॅमना ती परीक्षेला असायची. वाजवता वाजवता लासूरकर हसायला लागले, मिशी हलायला लागली, मग पोट. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. सिस्टर आल्या, "आजोबा, ते वाजवणं बंद करा, इथं पेशंट आहेत!" दोघं दोन मिनिटं थांबले आणि पुन्हा सुरू झाले.

दाराशी एक चाळिशीचा माणूस औषधांची पिशवी घेऊन उभा होता. लासूरकरांचा मुलगा. त्यानं मला बाहेर बोलावलं.

"मी त्यांना पुण्याला घेऊन जाणार आहे," तो म्हणाला. "गच्चीवरचं ते सगळं सामान काढून टाकणार आहे. या वयात असले खेळ. एकटा माणूस वर पडून राहतो आणि कुणाला पत्ता नाही."

मी त्याला रविवारचं सगळं सांगितलं. बांबू, बॅटरी, दहा आकडे. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"रोज बोलायचे हे?"

"रोज. आठ वाजता. अकरा वर्षं."

त्यानं आत बघितलं. वडील चमचा वाजवत हसत होते. "आई गेल्यापासून हे असे हसले नाहीत," तो म्हणाला. "मला वाटायचं, बाबा एकटेच असतात." पिशवी हातात तशीच धरून तो बराच वेळ दाराशी उभा राहिला, आत गेला नाही.

परतताना रिक्षात मी मावशींना विचारलं, काय बोललात?

"ते म्हणाले, इथली डाळ अळणी असती."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, माझी चूक झाली."

"मग?"

"मग म्हणाले, नीट आलं नाय, पुन्हा पाठवा." मावशी बाहेर बघत होत्या, पण गाल हलत होते. "तीनदा पाठवायला लावलं मला. बदमाश."

लासूरकर पुण्याला गेले नाहीत, म्हणजे गेले ते पाय बरा होईपर्यंत. नंतर मुलगाच त्यांना लासूरला सोडायला आला, जिन्याला कठडा बसवून घेतला, गॅरेजवाल्याच्या बायकोला दोन वेळचं जेवण सांगितलं. पौषातली थंडी होती. सकाळचे आठ वाजले. त्या दिवशी मीही ऑफिसला उशिरा जाणार होते. मावशी पाऊण तास आधीपासून सेटसमोर बसल्या होत्या, केस विंचरून. घसा केव्हाच बरा झाला होता.

आठला खरखर हलली. "...ताई... आवाज..." आणि पुन्हा फाटलं. तुटकं, लांबचं, अगदी पूर्वीसारखं.

मावशींनी माझ्याकडं बघितलं. "आता तर माझी आडवी हाय. त्यांची आडवीच हाय. मग?"

खरखरीतून मुलाचा आवाज आला, जोर लावून, शब्द तोडून तोडून. "मावशी... बाबांनी... उभी... लावायला... सांगितली. पहिलं काम. मी... बसवली... काल."

मग मावशी हसायला लागल्या. चष्मा काढून ठेवला, पदर तोंडाला लावला, आणि इतक्या हसल्या की मला त्यांना पाणी द्यावं लागलं. पलीकडूनही काहीतरी हसल्यासारखं येत होतं, पण ते खरखरीतून नीट कळत नव्हतं.

"लासूर, तुमची राहू द्या," त्यांनी सावकाश दोनदा सांगितलं. "पुन्हा वर चढायचं नाय कुणी. माझे नट नवे आहेत. थांबा पाच मिनिटं."

या वेळी पाना एका झटक्यात फिरला. मी दांडी धरली, त्यांनी काड्या उभ्या करून नट आवळले. आम्ही आत आलो. मावशींनी माईक घेतला, पण बटण दाबायला वेळ लावला. घसा खाकरला. मग म्हणाल्या, "लासूर, मी बोलतीय. ऐकू येतंय का? ओव्हर."

पलीकडं शांत झालं. खरखर नाही, काही नाही. मग तो जाडसर आवाज आला, अख्खा, खोलीभर.

"ताई, तुमचा आवाज एवढा बारीक हाय व्हय?" लासूरकर म्हणाले. "अकरा वर्षं मला वाटत होतं, लई जाड असंल."

मावशींनी माईक मांडीवर ठेवला. खिडकीतून ऊन आत आलं होतं. त्यांनी पायातले बूट काढले, पाय वर घेऊन मांडी घातली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

"खाली जाऊन भाजी चिरायला घे. आज मला वेळ लागेल."